रेकॉर्डिंगचा वेग कोण ठरवतो? : ४४.१, ४८ आणि एका मैफलीची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक पत्रिकेत वाचून दोघातिघांनी मला फोन केले. ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे ४४.१ आणि ४८ कुठून काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही, ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय मी कधी केलेला नाही. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती छापून आली. छापून आलेली चूक माणसाला पुष्कळ शिकवते. म्हणून आधी चूक सांगतो, आकड्यांकडे मग येतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात एका छोट्या सभागृहात एका गायिकेची मैफल झाली. नाव मी घेणार नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणत असू. बाईंचं वय तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट. दीड-दोनशे माणसं, भारतीय बैठक, संध्याकाळची वेळ. बाईंनी पूरिया धनाश्री गायला. मी तिथे होतो, खांबाला टेकून बसलो होतो. हे ‘मी तिथे होतो’ जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही वर्षांनी बाई गेल्या. त्यानंतर त्या मैफलीच्या दोन सीडी रसिकांमध्ये हातोहात फिरू लागल्या. माझ्याकडेही आल्या. मी त्या किती वेळा ऐकल्या असतील, मोजदाद नाही. आणि त्यांवर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. तेव्हा एडवर्ड सैद यांचं कलावंतांच्या अखेरच्या शैलीवरचं पुस्तक मी नुकतंच वाचलं होतं, त्याच्या मागे असलेला आडोर्नोचा बेथोव्हेनवरचा निबंधही वाचला होता. नवा सिद्धान्त वाचला की माणसाला उदाहरण शोधायची घाई होते. मी लिहिलं, की ऐन उमेदीत काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई उतारवयात दीड पट्टी खाली आल्या आणि त्या उतरण्यालाच त्यांनी शैली केलं. आवाजाला खर्जाचं वजन आलं. लय इतकी संथ झाली की दोन मात्रांमध्ये एक मोकळी जागा तयार झाली, आणि त्या मोकळ्या जागेत मी बराच अर्थ भरला. मावळतीची लय वगैरे. लेख लोकांना आवडला. पत्रं आली. एका प्रबंधात त्याचा हवालाही दिला गेला.

पुढच्या वर्षी एक विद्यार्थिनी घरी आली. तत्त्वज्ञानाची नव्हे, गाण्याची. बाईंच्याच परंपरेत शिकत होती. तिनं माझ्या टेबलावर पेटी ठेवली, सीडी लावली आणि म्हणाली, ‘सर, ही मैफल पेटीत बसत नाही.’ म्हणजे काय, तर सीडीवरच्या षड्जाशी मिळणारी पट्टीच तिला पेटीवर सापडेना. काळी तीन दाबली की सीडी चढी वाटे, पांढरी पाच दाबली की उतरलेली. सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध. मी म्हटलं, अगं, साथीची पेटी जुनी असेल, सूर उतरला असेल. ती म्हणाली, ‘इतका? आणि तबल्याची चाट ऐका सर. ओली वाटते की नाही? आणि शेवटी बाई तंबोरा लावायला सांगतात ना, ते बोलणं ऐका. बाई असं बोलायच्या?’

मी बाईंना वीस-पंचवीस वर्षं ओळखत होतो. बाई असं बोलत नव्हत्या. सीडीवर एखादा पुरुष बोलावा तसा आवाज येत होता, आणि मला ते इतक्या वेळा ऐकून कधी खटकलं नव्हतं.

आता इथे थोडं यंत्राकडे वळलं पाहिजे.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातली चढउतार. डिजिटल यंत्र काय करतं? ती चढउतार ठरावीक अंतरानं मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. एका सेकंदात किती वेळा मोजायचं, तो सॅम्पल रेट. किती वेळा मोजलं म्हणजे पुरे, याचं गणित विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालं. नायक्विस्टचा निबंध १९२८ चा, रशियात कोटेल्निकोव्ह १९३३ साली तिथे पोचले, आणि शॅननची मांडणी १९४९ ची. सार एवढंच, की जितक्या उंच कंपनापर्यंत पकडायचं असेल त्याच्या दुपटीहून थोडं जास्त वेळा मोजा. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सेकंदाला ४०,००० हून जरा जास्त मोजमापं हवीत. इथपर्यंत सगळं सुरळीत आहे.

पण एक गोष्ट नीट पाहा. हाती जे उरतं ते म्हणजे आकड्यांची रांग. जुन्या दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे. त्यावर ९९, १००, १०१, १०० असे आकडे आहेत. हे तासातासानं घेतले की दिवसादिवसानं? आकडे स्वतः ते सांगत नाहीत. तक्त्याच्या डोक्यावर कुणीतरी ‘दर तासाला’ असं लिहिलेलं असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. ध्वनीच्या फाइलचंही तेच आहे. संगणकावरची वेव्ह फाइल घ्या. तिच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइटांचा मथळा असतो आणि त्यातल्या चार बाइटांत सॅम्पल रेट लिहिलेला असतो. पुढच्या कोट्यवधी आकड्यांचा काळ त्या चार बाइटांवर अवलंबून. सीडीवर तर तेवढंही नसतं. सीडीचा दर ठरलेलाच आहे, ४४,१००. यंत्र विचारत बसत नाही.

हा ४४,१०० कुठून आला, हा मोठा गमतीचा इतिहास आहे. अनेकांना वाटतं की कानाच्या काही सूक्ष्म अभ्यासातून आला असेल. नाही. तो टीव्हीच्या ओळींमधून आला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डिजिटल ध्वनी साठवायला इतक्या वेगानं लिहिणारं आणि परवडणारं एकच साधन होतं, ते म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. मग सोनीसारख्या कंपन्यांनी ध्वनीचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्र म्हणून व्हिडिओ टेपवर नोंदवले. टीव्हीवर ती टेप लावली तर गाणं दिसेल, म्हणजे ठिपक्यांचा पाऊस दिसेल. (हशा.) अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं, म्हणजे अर्धी चित्रं. प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि एका ओळीत तीन आकडे. ६० गुणिले २४५ गुणिले ३. युरोपच्या पद्धतीत, जी आपणही घेतली, ५० गुणिले २९४ गुणिले ३. घरी जाऊन करून बघा, दोन्ही गुणाकार ४४,१०० येतात. दोन खंडांच्या यंत्रांना चालेल असा आकडा म्हणून तो टिकला, १९८० साली फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीसाठी ठरवलेल्या मानकात गेला, आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा त्या जुन्या व्हिडिओ टेपची सावली घेऊनच आली.

त्यातही एक गोम आहे. अमेरिकेतला रंगीत टीव्ही सेकंदाला बरोबर ६० क्षेत्रं दाखवत नाही, ५९.९४ दाखवतो. त्यामुळे तिथल्या घरगुती उपकरणांचा, उदाहरणार्थ १९८१ च्या सोनी पीसीएम-एफ१ चा, दर पडला ४४,०५६. फरक हजारात एक. कानाला कळणार नाही. पण तासाला ३.६ सेकंद होतात. ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड श्रोत्यांना मैफली ध्वनिमुद्रित करू देण्यासाठी प्रसिद्ध होता. १९८४ पासून तर मायक्रोफोन घेऊन येणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी जागाच राखून ठेवली. ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या कित्येक मैफली या एफ१ वर नोंदल्या गेल्या. पुढे लोक त्या संगणकावर आणू लागले, मधली एखादी तुटलेली दोन मिनिटं दुसऱ्या कुणाच्या टेपमधून जोडू लागले, तेव्हा हे साडेतीन सेकंद आडवे आले. टेप ४४,०५६ ची, समजली ४४,१०० ची. आपल्याकडे कुणी दोन माणसांची कॅसेट जोडून मैफल पुरी करायचा खटाटोप केला असेल तर त्याला हे दुखणं वेगळ्या रूपात माहीत असेल.

मग १९८७ मध्ये डॅट आली. डिजिटल ऑडिओ टेप, काड्यापेटीहून थोडी मोठी कॅसेट. तिचा मुख्य दर ४८,०००. चित्रपटाच्या आणि टीव्हीच्या चित्रसंख्येशी, २४, २५, ३० यांच्याशी, हा आकडा सहज जुळतो. पण दुसरंही कारण होतं. सीडीची हुबेहूब नक्कल घरोघरी होईल या धास्तीनं रेकॉर्ड कंपन्यांनी एवढा गहजब केला, की सुरुवातीच्या घरगुती डॅट यंत्रांवर ४४.१ नं ध्वनिमुद्रण करायची सोयच ठेवली नव्हती. म्हणजे बघा, मैफलीत मायक्रोफोन लावून बसणारा माणूस, ज्याचा सीडीच्या चोरीशी काडीचा संबंध नाही, तो मुकाट्यानं ४८ वर ध्वनिमुद्रण करणार. आणि ते लोकांना द्यायचं तर सीडीवर, म्हणजे ४४.१ वर. ४८ वर नोंदलेल्या प्रत्येक डॅटला सीडीकडे जाताना हा नाका ओलांडावा लागला.

तो नीट ओलांडायचा तर ४८,००० आकड्यांतून ४४,१०० नवे आकडे गणितानं काढावे लागतात. गुणोत्तर १६० ला १४७. हे सरळ गुणोत्तर नाही, काम किचकट आहे. अनेकांनी त्यावर पळवाट म्हणून डॅटचा आवाज साध्या वायरीनं काढून पुन्हा मोजून घेतला. थोडी गुणवत्ता गेली, पण काळ शाबूत राहिला. आमच्या मैफलीचं काय झालं, तर ज्यानं कुणी सीडी केली त्यानं काळजीपूर्वक काम करायचं ठरवलं. डिजिटल केबलनं डॅट थेट संगणकाला जोडली. अशा वेळी संगणकाचं साउंड कार्ड बाहेरून येणाऱ्या ठेक्याला धरून चालतं. डॅट सेकंदाला ४८,००० आकडे देत होती, कार्डानं ते इमानदारीनं घेतले. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘४४,१००’ निवडलेलं होतं. त्यानं मथळ्यावर ४४,१०० लिहिलं. एकही आकडा चुकला नाही, एकही गळला नाही, फक्त नाव चुकलं. ढिसाळपणे केलं असतं तर वाचलो असतो.

आता हिशेब करा. ४४,१०० भागिले ४८,००० म्हणजे ०.९१८७५. तासाभराची मैफल ६५ मिनिटं १८ सेकंदांची होते. आणि सूर उतरतो जवळजवळ दीड पट्टी. काळी चारवरून एक उतरलात की पांढरी पाच, दोन उतरलात की काळी तीन, आणि दीड उतरलात की पेटीवर जागाच नाही. त्या मुलीला सापडेना तो सूर हाच.

इथे मला थांबावंसं वाटतं. हा फरक दीडऐवजी बरोबर एक किंवा बरोबर दोन पट्ट्यांचा असता, तर ते आम्हाला कधी कळलं असतं का? मला नाही वाटत. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग असं उतरलं तर तिथला कुणीही वादक पहिल्या स्वराला ओरडेल, कारण सिम्फनीची पट्टी शीर्षकातच लिहिलेली असते. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. काळी एक घ्या, पांढरी दोन घ्या, राग तोच. स्वर परस्परांच्या नात्यानं ओळखायचे हे आपल्या संगीताचं मोठं बळ आहे, आणि नेमक्या त्याच कारणानं आपलं रेकॉर्डिंग अख्खंच्या अख्खं घसरलं तर आतून कुणी तक्रार करत नाही. पंचम षड्जाशी तसाच मिळतो. कोमल ऋषभ जागेवर असतो. सम समेवर येते. सगळे मिळून खोटं बोलतात आणि एकमेकांची साक्ष देतात.

आपल्या दर्शनांमध्ये यावर जुना वाद आहे. ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः असतं की परतः? मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते प्रमाण असल्याचं त्याच्यातूनच कळतं, खोटं ठरवायला मात्र बाहेरचं कारण लागतं. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणाही बाहेरून तपासावा लागतो. पाणी दिसलं, तर जवळ जा, तहान भागते का बघा. मी तीस वर्षं हा वाद वर्गात शिकवला आणि दोन्ही बाजू अगदी समतोलपणे मांडल्या. रेकॉर्डिंगच्या बाबतीत मात्र मी पक्का नैयायिक झालो आहे. (हशा.) बाहेरचा साक्षीदार पाहिजे.

तो त्या मुलीनं शोधला, आणि तो सापडला कचऱ्यात. झालं असं. आधी तिनं सर्वांना सुचेल तेच केलं. ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातून नुसता सूर दीड पट्टी वर चढवला, लांबी तीच ठेवून. षड्ज काळी चारवर आला, पण तबला थरथरू लागला, आणि लय जिथे होती तिथेच, संथ. मला तर ते ऐकून बरंच वाटलं. म्हटलं, बघ, सूर चुकला असेल, लय तर बाईंचीच आहे. माझा अर्धा लेख वाचला होता ना!

मग तिनं आवाजातली खरखर काढायला घेतली. त्या सभागृहात विजेचं हमिंग होतं. अर्थिंग नीट नसलं की मायक्रोफोनच्या वायरीतून येतं तसं, सतत घुमणारं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ते हमिंग ५० वर आणि त्याच्या पटीत, १०० वर, १५० वर, सापडायला हवं. मूळ सीडीवर ते सापडलं ४५ वर. त्याच्या पटीत ९० वर, १३५ वर. ४५ हर्ट्झवर कुठलंही विजेचं जाळं उभं राहू शकत नाही, त्याआधीच वीज केंद्रातले संच स्वतःला तोडून घेतात. ४५ ला ०.९१८७५ नं भागा. उत्तर येतं ४९ च्या अगदी जवळ. ‘मग ५० का नाही?’ हा प्रश्न मी लगेच विचारला, आशेनं विचारला. पण नव्वदच्या दशकात संध्याकाळी ताण वाढला की वीज ४९ वर येणं, त्याच्याही खाली जाणं, ही रोजची गोष्ट होती. संध्याकाळचा पूरिया धनाश्री, दिवे लागणीची वेळ, साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात दिवे-पंखे चालू. ४९ हे उत्तर ५० पेक्षा जास्त खरं होतं.

गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हे हमिंग आता रीतसर पुरावा म्हणून वापरतात. विजेची बारीक चढउतार सबंध जाळ्यात एकसारखी असते, तिची नोंद ठेवली तर एखादं ध्वनिमुद्रण कधी झालं, मध्ये कापलं का, हे सांगता येतं. आमची गरज तेवढी मोठी नव्हती. आम्हाला फक्त विचारायचं होतं, की त्या संध्याकाळचा एक सेकंद केवढा होता.

दुसरा साक्षीदार कागदाचा निघाला. ज्यांनी मूळ ध्वनिमुद्रण केलं त्या गृहस्थांकडे डॅटची कॅसेट अजून होती. वाजवायला यंत्र नव्हतं. सोनीनं ही यंत्रं करणं २००५ मध्ये थांबवलं, आणि यांचं त्याआधीच बिघडलं होतं. पण डबीतल्या चिठ्ठीवर त्यांनी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं : बडा ख्याल, ४१ मिनिटं. सीडीवर तो ४४ मिनिटं ३८ सेकंदांचा आहे. ४१ ला ०.९१८७५ नं भागून बघा. मला चिठ्ठी पाहिल्यावर भागाकार करायची गरज वाटली नाही, मी नुसता खाली बसलो.

दुरुस्ती काय केली? ऐकून निराशा होईल. सीडीवरून फाइल काढली, मथळ्यावरचं ४४,१०० पुसून ४८,००० केलं. बस. आतल्या एकाही आकड्याला हात लावला नाही. मूळ आकडे सगळे तिथेच होते, कुणी त्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारत नव्हतं एवढंच. त्यानंतर पुन्हा सीडी हवी होती तेव्हा खरं रूपांतर केलं, १६० ला १४७ वालं, चांगल्या सॉफ्टवेअरनं. कारण हलक्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीत नसलेल्या शिट्ट्या तयार होतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या मैफलींच्या फायली असतील, आणि असतीलच, तर माझी एक विनंती आहे. आधी रोग ओळखा. नाव चुकलंय की आकडे बदललेत? नाव चुकलं असेल तर सूर चढवणारी आणि लांबी ताणणारी औषधं देऊ नका, ती निरोगी आकड्यांची मोडतोड करतात. आकडे खरोखर चुकीच्या गणितातून गेले असतील, तर मूळ टेपकडे परत जाण्यावाचून फारसा इलाज नाही. आणि दोन यंत्रांवर एकाच वेळी नोंदलेली मैफल असेल, समजा चित्र कॅमेऱ्यावर आणि आवाज वेगळा, तर दोन्हीकडे ४८,००० लिहिलेलं असूनही ती हळूहळू सुटत जाते. कारण प्रत्येक यंत्राच्या पोटातलं स्फटिक आपापल्या चालीनं चालतं. दशलक्षात ५० इतका फरक असला तरी तासाला सेकंदाचा जवळजवळ पाचवा भाग जातो. तबल्याची थाप आणि हात वेगळे दिसायला तेवढं पुरतं. काहीही करा, मूळ फाइल मात्र मिटवू नका, आणि काय केलंत ते शेजारी लिहून ठेवा. आमच्या मैफलीच्या आज तीन आवृत्त्या फिरताहेत : मूळ चुकीची, त्या मुलीनं आधी सूर चढवलेली, आणि बरोबर. मधली सर्वांत जास्त ऐकली जाते असं दिसतं.

वेगाची ही भानगड डिजिटलनं आणली असं मात्र समजू नका. १९०२ साली कलकत्त्यात गैसबर्गनं गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासून ती आपल्याबरोबर आहे. त्या तबकड्यांना आपण ‘७८’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात त्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी फिरत नसत. यंत्र चावीचं किंवा वजनाचं, वेग कमीजास्त व्हायचा. आणि त्या काळात ध्वनिमुद्रणात वीजच नव्हती, म्हणजे आमचा हमिंगचा साक्षीदारही नाही. तिथे संग्राहक पेटीचा आधार घेतात, अंदाज करतात, भांडतात. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ या १९५९ च्या प्रख्यात जॅझ तबकडीचंही असंच झालं. पहिल्या दिवशीचं टेप यंत्र जरा हळू चालत होतं, त्यामुळे तबकडीची पहिली बाजू किंचित चढी आणि जलद वाजत राहिली. सोबत नोंदलेल्या दुसऱ्या टेपवरून १९९२ मध्ये ती बाजू नीट करून काढली. मधल्या तेहतीस वर्षांत त्या तबकडीसोबत वाजवून शिकलेल्या किती वादकांनी आपलंच वाद्य पुन्हा पुन्हा लावून पाहिलं असेल!

आता ‘मी तिथे होतो’ याकडे येतो. बरोबर फाइल ऐकल्यावर मी स्वतःला विचारलं, त्या संध्याकाळी मी काय ऐकलं होतं? आणि मला सांगता येईना. खांब आठवतो. बाईंची जरीकाठी आठवते. गाणं आठवायला लागलो की सीडी आठवते, उतरलेली. न्यायशास्त्र स्मृतीला प्रमा मानत नाही, हे मी परीक्षेत किती जणांकडून लिहून घेतलं असेल! माझे कान तिथे होते आणि तरी मी त्यांच्याऐवजी चार बाइटांवर विश्वास ठेवला.

मी बाईंच्या मुलीकडे गेलो. त्याही आता साठीच्या पुढे आहेत. सगळं सांगितलं, लेख चुकला म्हणालो. त्यांनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, ‘सर, आई तशी गात नव्हती हे मला तेव्हाच वाटलं होतं. सीडी ऐकतानाच वाटलं. पण तुमचा लेख आला. म्हटलं, तुमच्यासारख्यांना जास्त कळतं.’ माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं.

पुढच्या दिवाळी अंकात चार ओळींची दुरुस्ती छापली. एकही पत्र आलं नाही. लेख माझ्या पुस्तकात आहे तसाच आहे, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. आणि एक अडचण अजून आहे, ती लपवत नाही. दुरुस्त केलेली मैफल मी बाईंच्या सत्तरच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिली. षड्ज तोच, काळी चार. बाई तसूभरही उतरल्या नव्हत्या. पण विलंबिताची लय थोडी संथ झालेली आहेच, अगदी थोडी. म्हणजे माझ्या लेखातली काही वाक्यं कदाचित खरी असतील. कोणती, ते मला वेगळं काढता येत नाही. जी त्या आठ-नऊ टक्क्यांवर लिहिली आणि जी बाईंवर लिहिली, ती एकाच शाईनं लिहिली आहेत.

ज्या मुलीनं हे शोधलं ती आज इथे आहे, मागे बसली आहे, आणि नाव घेऊ नका म्हणाली आहे. तिनं दोन्ही आवृत्त्या आणल्या आहेत. आधी चुकीची ऐकू, दोन मिनिटं, मग लगेच बरोबर. स्थायीचाच तुकडा आहे. आणि ज्यांनी बाईंना प्रत्यक्ष ऐकलं आहे त्यांनी पहिल्या तुकड्याच्या वेळी हात वर करू नका, नुसतं ऐका. पंखे बंद करता का जरा? हं. लाव.

(यानंतर दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवण्यात आली.)